पावडरचा डबा संपला तर दुसरा कुठला चालेल? रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरणाऱ्यांचा टंचाईतला प्रश्न

यूट्यूब शॉर्ट्स बघताना एखादा अमेरिकन काका गॅरेजमध्ये बसून हँडल खाली ओढतोय आणि प्रत्येक ओढीला एक चकचकीत काडतूस बाहेर पडतंय, असा व्हिडिओ तुमच्यासमोर कधीतरी आला असेल. याला रीलोडिंग किंवा हँडलोडिंग म्हणतात. एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता त्यात नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवायची. अमेरिकेत हा कायदेशीर छंद आहे. पावडर एक-एक पौंडाच्या डब्यात दुकानात मिळते.

आधीच सांगतो, आपल्याकडे हे चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे आणि रिव्हॉल्व्हरचा परवाना खिशात असला तरी काडतूस बनवायचा परवाना वेगळा लागतो. त्यामुळे या लेखात किती ग्रेन कुठल्या पुंगळीत असे आकडे मिळणार नाहीत. पण यामागचं इंजिनिअरिंग जबरदस्त आहे आणि गेल्या काही वर्षांतल्या टंचाईमुळे ते एकदम उघडं पडलं.

टंचाई आली कुठून

आजची बंदुकीची दारू म्हणजे दिवाळीच्या फटाक्यातली काळी दारू नव्हे. सोरा, कोळसा आणि गंधक हा जुना मसाला. आधुनिक बिनधुराच्या पावडरचा पाया आहे नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. काही पावडरींत त्याच्यासोबत नायट्रोग्लिसरीनही असतं. कापसाचा जो भाग यासाठी वापरतात तो विदर्भातल्या वाचकांनी हजारदा पाहिलेला आहे. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते ना, तीच. इंग्रजीत तिला लिंटर म्हणतात. नेलपॉलिश आणि छपाईच्या शाईतही नायट्रोसेल्युलोज असतं, फक्त त्यात नायट्रोजनचं प्रमाण कमी असतं.

२०२० मध्ये कोविड सुरू झाल्यावर अमेरिकेत बंदुकांची खरेदी वाढली आणि पाठोपाठ काडतुसं, प्रायमर, पावडर सगळंच शेल्फवरून गायब झालं. २०२२ पासून युक्रेनमध्ये तोफगोळ्यांचा खप प्रचंड वाढला. तोफेलाही मुळात हेच नायट्रोसेल्युलोज लागतं. २०२४ मध्ये अलायंट या जुन्या अमेरिकन ब्रँडने नायट्रोसेल्युलोजच्या जागतिक टंचाईचं कारण देऊन रीलोडिंग पावडरचा पुरवठा थांबवत असल्याचं जाहीर केलं. बुल्सआय आणि युनिक या त्यांच्याच पावडरी. बुल्सआय १८९८ पासून बाजारात आहे! पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्यावर रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरत आले. ती दुकानातून गेली की लगेच प्रश्न येतो: हिच्या ऐवजी काय?

'जवळपास सारखी' म्हणजे नेमकं काय

पावडर निवडताना सगळ्यात महत्त्वाचा गुण म्हणजे जळण्याचा वेग. उघड्यावर चिमूटभर पावडर पेटवली तर ती फुर्रकन जळते, स्फोट होत नाही. बंद पुंगळीत मात्र वायू तयार होतो, दाब वाढतो, दाब वाढला की पावडर आणखी वेगाने जळते, त्याने दाब आणखी वाढतो. आमच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक लूप. त्याला थोपवणारी एकच गोष्ट असते: गोळी पुढे सरकते आणि वायूला जागा मिळते. पावडर बनवणारे कणांचा आकार (चपट्या टिकल्या, बारीक गोळे, नळकांडी) आणि कणांवरचा थर बदलून हा वेग ठरवतात.

इंटरनेटवर 'बर्न रेट चार्ट' मिळतात. सगळ्यात जलद पावडर वर, सगळ्यात संथ खाली. टंचाईत लोक हा चार्ट उघडतात आणि आपल्या पावडरच्या शेजारची पावडर शोधतात. इथेच घोळ आहे. हा चार्ट सीईटीच्या मेरिट लिस्टसारखा असतो. २१ वा आणि २२ वा यांच्यात अर्ध्या मार्काचा फरक आहे की दहा मार्कांचा, हे क्रमांकावरून कळत नाही. शिवाय जळण्याचा वेग पुंगळीचा आकार, गोळीचं वजन आणि दाबानुसार बदलतो. एका काडतुसात शेजारी असलेल्या दोन पावडरी दुसऱ्या काडतुसात शेजारी राहतीलच असं नाही. म्हणून चार्ट फक्त कुठल्या पावडरींची माहिती शोधायची एवढंच सांगतो. आकडा नेहमी पावडर बनवणाऱ्याच्या किंवा गोळी बनवणाऱ्याच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचा, तोही त्याच गोळीसाठी दिलेला.

नावांची गंमत तर वेगळीच. होजडन कंपनीची एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ या एकच पावडर आहेत, फक्त डबा वेगळा. एकच फोन रेडमी आणि पोको अशा दोन नावांनी येतो ना, तसंच. एच-११० आणि विंचेस्टर २९६ चंही तेच. उलट आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ या रायफलच्या पावडरींचा नंबर सारखा, पण पावडर वेगळ्या. पहिल्या प्रकारची माहिती टंचाईत वरदान असते. दुसऱ्या प्रकारात गफलत झाली तर हात जाऊ शकतो.

रिव्हॉल्व्हरवाल्यांचं नशीब थोडं बरं

ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी सुटल्यावर वरचा भाग मागे जाऊन पुढचं काडतूस भरतो. त्यासाठी ठराविक जोर मिळावाच लागतो, नाहीतर ते अडकतं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बोटाच्या जोराने फिरतं. काडतूस मवाळ असो की जोरदार, त्याला फरक पडत नाही. त्यामुळे मॅन्युअलमध्ये .३८ स्पेशलसाठी जलद आणि मध्यम वेगाच्या पावडरींची मोठी यादी सापडते, मुळात शॉटगनसाठी बनवलेल्या पावडरीसुद्धा त्यात असतात. एक नसली तर दुसरी, दुसरी नसली तर पाचवी.

पण याच गुणामागे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा इतिहासातून आला. .३८ स्पेशल १८९८ चं. त्याची पुंगळी काळ्या दारूच्या हिशोबाने लांब केलेली. आधुनिक जलद पावडर तिथे तळाला थोडीशीच पडते, बाकी पुंगळी रिकामी. म्हणजे चुकून दोनदा पावडर पडली तरी ती आरामात मावते आणि वरून गोळीही नीट बसते. बाहेरून काही कळत नाही. .३८ स्पेशलची अमेरिकन मानकाप्रमाणे दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय आहे. कारच्या टायरमध्ये आपण ३४ च्या आसपास भरतो, त्याच्या पाचशेपट. दुप्पट पावडरने दाब फक्त दुप्पट होत नाही, वरचा फीडबॅक लूप आठवा. सिलिंडर फुटून वरची पट्टी उडालेल्या रिव्हॉल्व्हरचे फोटो नेटवर भरपूर आहेत. म्हणूनच काही जण मुद्दाम जास्त जागा खाणारी, फुगीर पावडर निवडतात. दोनदा पडली तर पुंगळीबाहेर सांडते, लगेच दिसते. ट्रेल बॉस नावाची पावडर याचसाठी प्रसिद्ध होती, कण अगदी मेदुवड्यासारखे, मध्ये भोक. तीही टंचाईच्या काळात दिसेनाशी झाली.

दुसरा सापळा उलट बाजूचा. पावडर पडलीच नाही किंवा फारच संथ पावडर कमी प्रमाणात पडली, तर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. पिस्तूल अशा वेळी बहुतेकदा स्वतःच थांबतं. रिव्हॉल्व्हर थांबत नाही, पुढचं काडतूस समोर आणून उभं करतं. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर थांबून नळी तपासायची, हा नियम त्यासाठी. .३५७ मॅग्नमसाठी वापरली जाणारी एच-११० ही अशीच संथ पावडर आहे. तिचा आकडा मॅन्युअलपेक्षा फार खाली आणू नका असं कंपनी स्वतः सांगते. 'कमी टाकलं म्हणजे सेफ' हा आपला साधा तर्क इथे चालत नाही.

आणि हो, .३५७ ची मर्यादा ३५,००० पीएसआय आहे, म्हणजे .३८ च्या दुप्पट. गोळीचा व्यास एकच. .३५७ ची पुंगळी साधारण ३.४ मिलिमीटर लांब ठेवली आहे, ती जुन्या .३८ मध्ये बसूच नये म्हणून. मेमरी कार्ड उलटं घालता येऊ नये म्हणून कोपरा कापतात, तसलं डिझाइन.

कारखान्याला जमतं ते गॅरेजमध्ये का नाही

काडतुसांचा कारखानाही पावडर बदलतो की! बदलतो, पण त्याच्याकडे दाब मोजणारी टेस्ट बॅरल असते. नवा लॉट आला की ते मोजतात आणि प्रमाण ठरवतात. किरकोळ डब्यातली पावडर मात्र कंपनी वेगवेगळे लॉट मिसळून मुद्दाम एकसारखी ठेवते, कारण घरच्या माणसाकडे दाब मोजायला काही नसतं. टंचाईत जुन्या लष्करी काडतुसांतून काढलेली, लेबल नसलेली पावडर विकायला येते. दिसायला हुबेहूब असली तरी ती कुठल्या वेगाची आहे हे डोळ्यांना कळत नाही. तळघरातला आजोबांचा डबाही तसाच. पावडर खराब झाली की आंबूस, आम्लासारखा वास येतो आणि तांबूस धूळ दिसते, मग ती वापरायची नाही.

मला जास्त काळजी वाटते ती चॅटबॉटची. 'ही पावडर नाही, ती किती टाकू?' असं विचारलं तर काही बॉट आत्मविश्वासाने आकडा देऊ शकतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि रीलोडिंगचा काटा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो. भाषेचं मॉडेल दशांश चिन्ह एक घर सरकवतं तेव्हा त्याला काही होत नाही. क्विकलोडसारखी दाबाचा अंदाज बांधणारी खास सॉफ्टवेअर आहेत, पण तेही सिम्युलेशनच. मॅन्युअलमधले आकडे खऱ्या बॅरलमध्ये मोजलेले असतात.

टंचाईत खोट्या वेबसाइट्सचंही पीक येतं. कुठेच नसलेली पावडर यांच्याकडे निम्म्या किमतीत, पेमेंट फक्त क्रिप्टोने. खरा विक्रेता धोकादायक माल म्हणून पाठवण्याचं वेगळं शुल्क लावतो. ते शुल्क नसेल तर तिथेच शंका घ्यावी.

आमच्या टीममधला टेक्सासचा एक सहकारी हा छंद करतो. टंचाईत त्याने काय केलं ते त्याने मला कॉलवर सांगितलं. आधी हातातल्या गोळ्यांचं वजन लिहून काढलं, मग मॅन्युअलमध्ये त्या वजनासमोर दिलेल्या सगळ्या पावडरींची यादी केली आणि ती फोनमध्ये घेऊन दुकानात गेला. यादीतली सातवी मिळाली, शॉटगनची. पौंडात ७००० ग्रेन असतात, त्यामुळे एक डबा त्याला हजाराहून जास्त काडतुसांना पुरला. त्याने सुरुवात सगळ्यात कमी दिलेल्या आकड्यापासून केली. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवला. पन्नास पुंगळ्या भरून झाल्या की गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून प्रत्येकीत पावडरची पातळी पाहिली. मॅग्नमसाठी यादीतलं काहीच मिळालं नाही, म्हणून त्याच्या .३५७ च्या पुंगळ्या वर्षभर बरणीत पडून होत्या.