लांब बासरीचा खर्ज

होसकोट्याहून बंगळूरच्या बाजारात जाऊन नुसती 'बासरी' मागितली, की बहुधा कर्नाटक संगीताची वेणू हातात पडते. ती आखूड आणि जाड भिंतीची असते, तिला बोटांसाठी आठ छिद्रे असतात. शरभशास्त्रींनी मैफलीत मानाने बसवलेले ते वाद्य थोर आहे. पण भीमपलासीचा मंद्र ऐकून वेडावलेल्या माणसाला हवी असते ती हिंदुस्थानी लांब बासरी. ती मागताना स्वरासकट मागावी: पांढरी तीनची, सहा छिद्रांची. लांबी सुमारे 30 इंच.

या लांबीमागे एका माणसाचा ध्यास आहे. बारीसालला 1911 साली जन्मलेल्या पन्नालाल घोष यांना बासरीवर ख्याल गायकीचे गांभीर्य हवे होते. त्यांनी 32 इंचांची बासरी मैफलीत आणली आणि मंद्रातल्या तीव्र मध्यमासाठी करंगळीचे सातवे छिद्र जोडले. त्यांचा वारसा महाराष्ट्रात देवेंद्र मुर्डेश्वरांनी आणि नित्यानंद हळदीपुरांनी जपला. पुण्याच्या केशव गिंडे यांनी तर साडेतीन सप्तकांची 'केशव वेणू' घडवली. बंगळूरलाही प्रवीण गोडखिंडी यांच्यामुळे हिंदुस्थानी बासरीचे नाव घरोघरी पोचले आहे.

लांब नळीची ही ओढ आपल्यापुरतीच नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला आयरिश वादक फिनबार फ्युरी यांची भारतीय बांबूची शिट्टी मोडली. तिच्या जागी इंग्लंडच्या बर्नार्ड ओव्हरटन यांनी धातूची मोठी शिट्टी करून दिली आणि त्यातून आजचा 'लो व्हिसल' रूढ झाला. आपल्या पाव्यासारखी ती तोंडात धरून फुंकतात. तिथे हवेची वाट चोचीतच कोरलेली असते, बासरीत ती ओठांनी घडवावी लागते. बाकी नवशिक्याचे हाल दोन्हीकडे सारखेच.

हे हाल एका जागी येऊन साचतात. वरची तीन छिद्रे झाकली की 'सा' छान बोलतो. उजवा हात खाली येतो, मंद्र नी, ध, पंचम यांच्याकडे जाताना आवाज फाटतो, नाहीतर एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. शिकणारा घाबरून आणखी जोरात फुंकतो आणि उरलासुरला खर्जही जातो. दोष बांबूचा, असे वाटू लागते. बहुतेक वेळा दोष असतो तो बोटाखालून निसटणाऱ्या हवेचा.

लांब बासरीत छिद्रे एकमेकांपासून इंचाहून अधिक लांब असतात. बोटांची टोके तिथवर ताणली की तिरकी पडतात आणि कडेला फट राहते. म्हणून बोट सपाट टेकवून पेराच्या मांसल भागाने छिद्र झाकावे, मनगट सैल ठेवावे. परीक्षाही सोपी आहे. सहाही छिद्रे झाकून क्षणभर हलके दाबा आणि बोटे उचलून पाहा. प्रत्येक पेरावर छिद्राचा पूर्ण गोल ठसा हवा. जिथे तो अर्धचंद्रासारखा तुटलेला दिसेल, तिथेच हवा गळते आहे. बहुधा ती अनामिका असते.

मग फुंक. मंद्राला हवा सावकाश लागते, ओठांची फट किंचित मोकळी लागते. तार सप्तकात फट बारीक होते, त्यामुळे हवेचा वेग आपोआप वाढतो. गाल फुगवून उपयोग नसतो. रियाज 'सा'पासून एकेक छिद्र झाकत खाली उतरावा. एक स्वर श्वासभर स्थिर टिकल्याशिवाय पुढचे बोट ठेवू नये. मंद्र पंचम भरीव लागला, की वरचे सप्तक निम्मे सुटलेच.

सुराला आधार तंबोऱ्याचा घ्यावा. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या कामात अग्रेसर असलेली राडेल ही कंपनी बंगळूरचीच, आणि तिचे संस्थापक जी. राज नारायण स्वतः बासरीवादक. तंबोरा मात्र बासरीशी जुळवावा, कारण बासरीचा स्वर हवेबरोबर हलतो. तापमान 10 अंशांनी वाढले, तर नळीतल्या हवेच्या हिशेबाने स्वर अर्धस्वराच्या जवळजवळ एक-तृतीयांश चढतो. डिसेंबरच्या गार पहाटे होसकोट्यात उतरलेली वाटणारी बासरी दुपारी आपोआप सुरात येते. तिला लगेच खोटी ठरवू नये.

बांबूची निगाही सोपी आहे. आसामकडच्या पातळ भिंतीच्या, लांब पेरांच्या बांबूला पठारावरचा कोरडा उन्हाळा सोसत नाही. अधूनमधून आतून मोहरीच्या तेलाचा हात फिरवावा, वाजवल्यावर ओल पुसावी, गाडीत उन्हात ठेवू नये. विकत घेताना दोऱ्याचे पक्के बंध पाहावेत, आणि शक्य असेल तर जाणत्याकडून वाजवून घ्यावी. त्याच्या हाती खर्ज बोलला, तर वाद्य ठीक आहे.

ज्यांची बोटे अजून पोचत नाहीत, त्यांनी काही महिने आखूड बासरीवर काढावेत. त्यात कमीपणा काही नाही. पण मंद्राची ओढ असेल तर लांब बासरी टाकू नका. पेरांवरचे ठसे पाहा, फुंक कमी करा आणि गुरूसमोर बसा. हे वाद्य जोराला दाद देत नाही, धीराला देते.