मूलपेशी नक्की म्हणायचं कशाला?

पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘स्टेम सेल म्हणजे काय?’ असा प्रश्न आला की बहुतेक जण एका दमात उत्तर देतात : जी पेशी स्वतःसारख्या पेशी तयार करते आणि वेगळ्या प्रकारच्या पेशीही तयार करते, ती स्टेम सेल. उत्तर बरोबर आहे. पण समोरचे सर किंवा मॅडम तिथे थांबत नाहीत. पुढचा प्रश्न येतो, “तुमच्याकडे एका ट्यूबमध्ये पेशी आहेत. त्यांत स्टेम सेल आहे हे कसं दाखवाल?” इथे गाडी अडते. मग आपण मार्करची नावं घेत सुटतो, सीडी थर्टी-फोर वगैरे, आणि समोरचा चेहरा काही खुलत नाही.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. या विषयातल्या बहुतेक महत्त्वाच्या संज्ञांमागे एखादा प्रयोग उभा असतो. तो माहीत नसेल तर संज्ञा पाठ होते, वापरता येत नाही. (मराठीत यासाठी मूलपेशी, मूळपेशी, स्कंधपेशी असे बरेच शब्द फिरतात. मी मूलपेशी वापरते. तुम्हाला दुसरा आवडत असेल तर तो वापरा, अर्थ बदलत नाही.)

सुरुवात टोरांटोपासून करू. 1961 साली जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलॉक यांनी उंदरांना इतकं रेडिएशन दिलं की त्यांच्या अस्थिमज्जेतलं रक्त बनवण्याचं काम बंद पडलं. मग निरोगी उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशी मोजून त्यांच्या शिरेत सोडल्या. साधारण दहा दिवसांनी प्लीहेवर, म्हणजे स्प्लीनवर, छोट्या गाठी दिसू लागल्या. साधारण दहा हजार पेशी टोचल्या की एक गाठ, आणि जितक्या जास्त पेशी टोचाव्यात त्या प्रमाणात गाठी जास्त. यावरून शंका अशी आली की प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढली असावी.

शंका सिद्ध कशी करायची? 1963 मध्ये अँड्र्यू बेकर यांच्याबरोबर त्यांनी फार सुंदर युक्ती केली. टोचलेल्या पेशींवर रेडिएशनचा मारा करून त्यांच्या गुणसूत्रांत मोडतोड घडवली. ही मोडतोड प्रत्येक पेशीत वेगळी, जणू अंगावरची जन्मखूण. मग गाठ उघडून पाहिली, तर खूण असलेल्या गाठीतल्या विभाजित होणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेशींत तीच एक खूण. म्हणजे आई एकच! आणि त्या गाठींत लाल रक्तपेशी घडत होत्या, पांढऱ्या पेशींचे काही प्रकार घडत होते, प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशीही होत्या. एका पेशीपासून अनेक प्रकार तयार होणं, हे झालं विभेदन. त्याच वर्षी गाठीतल्या पेशी काढून पुन्हा दुसऱ्या उंदरात सोडल्या, तेव्हा काही गाठींतून नव्या गाठी आल्या. हे झालं स्व-नूतनीकरण, म्हणजेच सेल्फ-रिन्यूअल. व्याख्येतले दोन्ही भाग इथे हाताला लागतात.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे त्यांनी वापरलेलं नाव. मोजलेल्या वस्तूला त्यांनी थेट ‘स्टेम सेल’ म्हटलं नाही, ‘कॉलनी-फॉर्मिंग युनिट’ म्हटलं. जे मोजलं तेवढंच नावात ठेवलं. ही सावधगिरी पुढे योग्य ठरली, कारण नंतर असं लक्षात आलं की लवकर दिसणाऱ्या गाठींपैकी बऱ्याचशा खऱ्या रक्त-मूलपेशींपासून नव्हे, तर त्यांच्या खालच्या पायरीवरच्या प्रोजेनिटर पेशींपासून येतात. प्रोजेनिटर भराभर वाढते, दोन-तीन प्रकार देते आणि संपून जाते. त्यामुळे आज रक्त-मूलपेशीची परीक्षा लांबवली आहे : रेडिएशन दिलेल्या उंदरात तिच्यापासून बनलेलं रक्त निदान चार महिने टिकलं पाहिजे, आणि त्या उंदराची अस्थिमज्जा दुसऱ्या उंदरात घातल्यावर तिथेही रक्त बनलं पाहिजे. याला सीरियल ट्रान्सप्लांट म्हणतात. ‘लाँग-टर्म’ आणि ‘शॉर्ट-टर्म’ मूलपेशी हा फरक याच परीक्षेतून आलाय.

इथेच एक गोंधळ निस्तरू. नुसतं विभाजन होत राहणं म्हणजे स्व-नूतनीकरण नव्हे. हेला पेशी 1951 पासून प्रयोगशाळांमध्ये वाढतायत, पण त्यांना कोणी मूलपेशी म्हणत नाही. विभाजनानंतर निदान एका मुलीपेशीत आईची पूर्ण क्षमता उरली पाहिजे, तीही वेगळे प्रकार देण्याची. वाढ मोजून हे कळत नाही. पेट्री डिशमध्ये संख्या दुप्पट झाली म्हणून ‘सेल्फ-रिन्यूअल वाढलं’ असं लिहिलेलं दिसलं, तर तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

आता मार्कर. पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं पाहून पेशी वेगळ्या काढता येतात आणि हे तंत्र फारच उपयोगी आहे. पण मार्कर संशयित दाखवतो, गुन्हा सिद्ध करत नाही. 2005 मध्ये शॉन मॉरिसन यांच्या गटाने उंदराच्या रक्त-मूलपेशींसाठी एसएलएएम मार्करांचा संच दिला. जुन्या मार्करांच्या जोडीला तो लावून वेचलेली एकेक पेशी एकेका उंदरात सोडली, तेव्हा सुमारे निम्म्या पेशींनी दीर्घकाळ रक्त बनवलं. निम्म्या! आणि हा निकाल उत्तम मानला जातो. उरलेल्या निम्म्या मूलपेशी नव्हत्याच का? तसंही म्हणता येत नाही. एखादी पेशी टोचताना मेली असेल, एखादी अस्थिमज्जेत पोचलीच नसेल. म्हणजे परीक्षा पास होणं हा पुरावा आहे, नापास होणं हा तितका पक्का पुरावा नाही. मुलाखतीत एवढं एक वाक्य नीट सांगितलंत तरी बोलणं वेगळ्या पातळीवर जातं.

टोटिपोटंट, प्लुरिपोटंट, मल्टिपोटंट ही उतरंड कुठल्याही पुस्तकात सापडेल, म्हणून थोडक्यात. फलित अंड्यापासून गर्भही बनतो आणि वारही, म्हणून ते टोटिपोटंट. भ्रूण-मूलपेशी शरीराच्या तिन्ही जननस्तरांतले प्रकार देतात, म्हणून प्लुरिपोटंट. रक्त-मूलपेशी रक्तापुरत्या, म्हणून मल्टिपोटंट. महत्त्वाचं हे, की ‘प्लुरिपोटंट’ या एकाच शब्दामागे कमी-जास्त कडक परीक्षा असतात. उंदरात ती पेशी भ्रूणात सोडून तिच्यापासून बीजपेशी बनतात का, अगदी आख्खं पिल्लू बनतं का, इथपर्यंत जाता येतं. मानवी पेशींबाबत असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. तिथे डिशमधलं विभेदन आणि उंदरात टेराटोमा, म्हणजे तिन्ही स्तरांच्या ऊती असलेली गाठ, यांवर भागवावं लागतं. 1998 मधल्या जेम्स थॉमसन यांच्या मानवी भ्रूण-मूलपेशी आणि 2007 पासूनच्या मानवी आयपीएस पेशी याच मोजपट्टीवर प्लुरिपोटंट ठरल्या. शब्द तोच, मोजपट्टी वेगळी.

पाठ्यपुस्तकातलं आणखी एक चित्र जरा सैल धरा. मूलपेशी दोन भागांत विभागते, एक मूलपेशीच राहते, दुसरी विभेदनाकडे जाते. फळमाशीच्या वृषणात हे चित्र बऱ्यापैकी लागू पडतं. पण उंदराच्या आतड्यात, जिथे एलजीआर-5 मार्करच्या मूलपेशी 2007 मध्ये सापडल्या, तिथे 2010 च्या वंशरेषा-अभ्यासांनी वेगळंच दाखवलं. बहुतेक विभाजनांत दोन्ही मुली सुरुवातीला सारख्याच असतात. आतड्यातल्या त्या खोलगट क्रिप्टच्या तळाशी जागा मर्यादित, त्यामुळे जिला जागा मिळाली ती मूलपेशी राहते, जी बाहेर ढकलली गेली ती विभेदनाला लागते. एकूण संख्या स्थिर राहते, पण एकेका पेशीचं नशीब ठरलेलं नसतं. या जागेला ‘निश’ म्हणतात. 1978 मध्ये रे स्कोफील्ड यांनी रक्त-मूलपेशींबाबत ही कल्पना मांडली होती. म्हणजे मूलपेशी असणं हा काही वेळा पेशीचा गुण कमी आणि पत्त्याचा गुण जास्त!

शेवटी ‘एमएससी’. आपली एम.एस्सी. नव्हे. अस्थिमज्जा, चरबी, नाळ यांतून काढलेल्या आणि प्लास्टिकला चिकटून वाढणाऱ्या या पेशी. 1991 मध्ये आर्नॉल्ड कॅप्लन यांनी त्यांना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ म्हटलं आणि नाव रूढ झालं. 2006 मध्ये ठरलेले त्यांचे किमान निकष बघा : प्लास्टिकला चिकटणं, ठरावीक मार्कर असणं-नसणं, आणि डिशमध्ये हाड, चरबी, कूर्चा बनवणं. यात एकाच पेशीची परीक्षा नाही, स्व-नूतनीकरणाचीही नाही. म्हणूनच इंटरनॅशनल सोसायटी फॉर सेल्युलर थेरपीने 2005 मध्येच ‘स्टेम’ऐवजी ‘स्ट्रोमल’ म्हणण्याची सूचना केली होती, आणि खुद्द कॅप्लन यांनी 2017 मध्ये नाव बदलायची वेळ आलीय असं लिहिलं. लघुरूप मात्र तेच राहिलं, आणि त्या एका ‘एस’वर दुकानं चालतात.

तुम्ही या विषयात शिरलात की घरचे विचारणारच. माझ्या आत्याने गुडघ्याच्या ‘स्टेम सेल इंजेक्शन’ची जाहिरात पाठवून विचारलं, “घेऊ का गं?” मी तिला पेशींबद्दल काही सांगितलं नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती फक्त रक्ताच्या आणि तशा ठरावीक आजारांसाठी होणाऱ्या रक्त-मूलपेशी प्रत्यारोपणाला; बाकी सगळं मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचं. म्हणून तिला एवढंच म्हटलं, की त्यांना ट्रायलचा नोंदणी क्रमांक माग. मिळाला, तर सीटीआरआयच्या संकेतस्थळावर तो टाकून कोणीही तपासू शकतं.