दहा-वीस फोटॉनांची साक्ष

चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीची फाइल पहिल्यांदा उघडणाऱ्याची बहुधा निराशाच होते. सर्पिल भुजा, रंगीत वायू वगैरे काही नाही. नुसता लांबलचक तक्ता. एक ओळ म्हणजे एक फोटॉन. कधी आला, शोधकावर कुठे पडला, ऊर्जा किती. कॅमेरा साधारण दर ३.२ सेकंदांनी वाचला जातो, तेव्हा 'कधी'ची अचूकताही तेवढीच. चित्र मागाहून आपणच तयार करायचं.

मी ज्या फायली घेऊन बसतो त्या एम ८३ या दीर्घिकेच्या. वासुकी तारकासमूहात, सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षांवर. उन्हाळ्याच्या रात्री आपल्याकडूनही दक्षिणेला लहान दुर्बिणीत धुरकट डाग दिसतो. विसाव्या शतकात इथे सहा सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, नोंदले गेले. २०१० आणि २०११ मध्ये चंद्राने हप्त्याहप्त्याने मिळून जवळपास साडेआठ दिवस ती पाहिली.

इतकं पाहूनही अशा स्फोटाच्या एखाद्या मंद अवशेषाच्या वाट्याला येतात जेमतेम दहा-वीस फोटॉन. ठिपक्याभोवती वर्तुळ काढायचं, आतले फोटॉन मोजायचे, शेजारच्या मोकळ्या जागेतले मोजून वजा करायचे. सांगायला सोपं. पण भुजेच्या ऐन गर्दीत मोकळी जागा आणायची कुठून? तिथे तापलेला वायू सगळीकडे चमकत असतो. पार्श्वभूमीचं वर्तुळ जरा सरकवलं की पंधराचे अकरा होतात. शिवाय दुर्बिणीच्या मध्यापासून दूर ठिपका फिसकटतो, म्हणून कडेला वर्तुळ मोठं घ्यावं लागतं आणि त्यात नको ते फोटॉनही शिरतात. माझा बहुतेक वेळ या वर्तुळांतच जातो.

मग प्रश्न, ठिपका कशाचा? अवशेषातला वायू काही दशलक्ष अंश तापलेला असतो. त्याचे क्ष-किरण मृदू, कमी ऊर्जेचे. कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा जोडीदाराचा वायू ओढत असेल तर किरण बहुधा कठीण. मृदूला लाल आणि कठीणला निळा रंग दिला की अवशेष लाल दिसतात. मात्र आपल्याच आकाशगंगेतला एखादा तारा वाटेत असला तर तोही लालच! म्हणून साध्या प्रकाशातला पुरावा लागतो. स्फोटाच्या धक्क्याने तापलेल्या वायूत हायड्रोजनच्या तुलनेत सल्फरची रेषा ठळक असते, गुणोत्तर ०.४ च्या वर गेलं की अवशेषाचा संशय पक्का होतो. चिलीतल्या मॅगेलन दुर्बिणीने एम ८३ मध्ये ही पाहणी केली आहे. दोन्ही जुळवून २०१४ साली जी यादी आली तिच्यात ३७८ क्ष-किरण स्रोत आहेत. अवशेष त्यातले ८७.

या ठिपक्यांत माझा आवडता १९५७डी. स्फोट १९५७ चा. चंद्राने २०००-२००१ मध्ये सुमारे चौदा तास पाहिलं तेव्हा त्या जागी काहीच हाती लागलं नव्हतं. लांब निरीक्षणात तो उमटला. त्यातही किरण कठीण निघाले, तरुण अवशेषाकडून अपेक्षा होती त्याहून कठीण. म्हणून आत पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, असावा असा अंदाज आहे. मला तो पटतो, पण एवढ्या थोड्या फोटॉनांवर पैज लावणार नाही.

हे काम चंद्राशिवाय का होत नाही? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली, भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण वर्णपटासाठी चांगली आहे, पण तिचा बारकावा कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) घरातला. चंद्राचा अर्ध्या विकलेचा, आणि विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. एम ८३ च्या अंतरावर अर्धी विकला म्हणजे पस्तीसेक प्रकाशवर्षं, त्यामुळे बहुतेक अवशेष चंद्रालाही ठिपक्याएवढेच दिसतात. निदान शेजारी वेगळे तरी पडतात.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगेन: एम ८३ ची ही निरीक्षणं चंद्राच्या संग्रहात सर्वांसाठी खुली आहेत, विश्लेषणाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. फाइल उतरवून घ्या आणि पहिलं वर्तुळ १९५७डी भोवती काढा.