वजन कोणाचे कमी भरते?

मावळातल्या एका वस्तीवरची आमची एक भगिनी रेशनचे धान्य घेऊन घरी आली. कार्डावर पाच माणसे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी ५ किलो, म्हणजे २५ किलो. गोणी हाताला हलकी लागली म्हणून तिने ती शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली, तर साडेतेवीस! ती परत गेली. रेशनवाला म्हणाला, "बाई, हा लोणावळ्याकडचा डोंगराळ मुलूख. उंचावर वजन कमीच भरतं. पोरांच्या सायन्सच्या पुस्तकात बघा." दुकानाचे नाव आम्ही घेत नाही. पुस्तक मात्र उघडून बघितले.

पुस्तकात दोन शब्द आहेत, वस्तुमान आणि वजन. वस्तुमान म्हणजे त्या तांदळात द्रव्य किती. ते किलोग्रॅममध्ये मोजतात आणि मुंबईत, लोणावळ्यात, चंद्रावरही ते तेवढेच राहते. वजन म्हणजे पृथ्वी त्या तांदळाला किती जोराने ओढते. ते बल आहे, न्यूटनमध्ये मोजतात. १ किलोचे वजन सुमारे ९.८ न्यूटन, चंद्रावर त्याचा सहावा हिस्सा. पृथ्वीच्या केंद्रापासून दूर जावे तशी ओढ कमी होते, हेही खरे. मग रेशनवाला खरे बोलला? लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. एवढ्या चढाने किलोमागे पाव ग्रॅमचाही फरक पडत नाही. २५ किलोला सहा ग्रॅम धरा, चिमूटभर तांदूळ. बाकीचा दीड किलो कोणत्या डोंगराने खाल्ला?

आणि दोन्ही दुकाने एकाच आळीत. तिथे पृथ्वी एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त ओढत नाही, तिला जात कळत नाही! शिवाय मुंबईत जुळवलेला काटा डोंगरावर कमी दाखवतो असे मानले, तर २५ चा आकडा गाठायला पारड्यात धान्य जास्त घालावे लागेल. म्हणजे या भगिनीला सहा ग्रॅम जादा मिळायला हवे होते.

जुन्या दांडीच्या तराजूत तर हा प्रश्नच नव्हता. दोन्ही पारड्यांना ओढ सारखीच, म्हणून तो वस्तुमानाशी वस्तुमान ताडून बघतो. ताणकाटा आणि इलेक्ट्रॉनिक काटा ओढ मोजतात आणि आकडा किलोत दाखवतात. म्हणून त्यांना प्रमाणित वजने ठेवून जुळवावे लागते, फेरपडताळणी करावी लागते आणि वैधमापनशास्त्र खात्याचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे लागते. ते किती दुकानांत दिसते?

आमच्या भाषेत 'वजन' हा शब्द भलताच बोलका आहे. पाटलाचे गावात वजन असते. फाईल हलत नसेल तर तिच्यावर वजन ठेवतात. आमच्या आजोबा-पणजोबांना बलुत्याचे धान्य मिळे ते मापाने, आणि मापावर शीग ठेवायची की हाताने सपाट करायची हे देणारा ठरवी. मण म्हणावे तर मुंबईचा २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून जास्त. हा फरक काही गुरुत्वाकर्षणाचा नव्हे! महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ते वतन १९५८ च्या कायद्याने गेले. शेर-मण जाऊन देशभर किलो सक्तीचा झाला तो १९६२ साली. काटा मारणारा हात मात्र राहिला.

त्या भगिनीची मुलगी नववीत आहे. दुसऱ्या दिवशी ती १ किलो मिठाची बंद पिशवी घेऊन आधी किराणा दुकानात गेली. काट्याने पिशवीच्या कागदासकट १ किलो ५ ग्रॅम दाखवले. मग रेशनच्या दुकानात गेली आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर तीच पिशवी काट्यावर ठेवली. आकडा आला १ किलो ७० ग्रॅम. रांगेतल्या बायकांनी आपापल्या गोण्या खाली उतरवल्या आणि प्रमाणपत्र दाखवा म्हणाल्या.