गॅरेजमध्ये मात्र पहिल्याच सेल्फला

जुनी गाडी कायमची बंद पडली तर बिघाड शोधणं त्या मानाने सोपं असतं. छळते ती अधूनमधून अडणारी. सकाळी घरून निमूट निघते, दुपारी मंडईबाहेर अडून बसते, वीस मिनिटांनी कुणी हात न लावता पुन्हा चालू होते. मेकॅनिकसमोर नेऊन उभी करावी, तर पहिल्याच सेल्फला सुरू! बिघाड समोर नसेल तर त्याने तपासायचं तरी काय? मग अंदाजपंचे कारभार चालतो. आधी बॅटरी नवी, मग प्लग, मग सेल्फ खोलून कार्बन, मग कॉइल. दर वेळी गाडी चार दिवस बरी चालते, कारण मधले चार दिवस ती एरवीही बरीच चालत होती.

पंधरा वर्षं उलटल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करून आणि पर्यावरण कर भरून लोक मारुती ८००, झेन, सँट्रो अशा गाड्या आजही प्रेमाने वापरतात. या गाड्या सुट्या भागांचा ढीग बदलून घेण्यापेक्षा चांगल्या निदानाला पात्र आहेत. हे निदान सुरू होतं ते गाडी अडते त्या जागी, आणि तिथे त्या क्षणी हजर असतो फक्त मालक. त्याने त्या दोन मिनिटांत काय पाहिलं आणि काय ऐकलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

‘गाडी सुरू होत नाही’ या एका तक्रारीत दोन वेगळे आजार दडलेले असतात. एक, गाडी सेल्फच घेत नाही. दुसरा, सेल्फ खणखणीत घेते पण इंजिन पकडत नाही. मेकॅनिकला हे सांगितलं नाही तर तो निम्मा वेळ चुकीच्या जागी घालवतो. पहिल्या प्रकारात आवाज नीट ऐकावा. टकटकटक अशी भराभर टकटक म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच ठसठशीत ‘टक’ आणि पुढे शांतता म्हणजे सोलेनॉइड ओढला गेला, पण मोटर फिरली नाही. झिजलेले कॉन्टॅक्ट किंवा संपलेले कार्बन. अशा वेळी सेल्फवर पान्याने हलकेच ठोकलं की गाडी सुरू होते, ते याच कारणाने. ‘टक’सुद्धा नसेल तर शंका चावीच्या स्विचवर, त्याच्या बारीक वायरवर किंवा रिलेवर. चावी फिरवताना आतला दिवाही पाहावा. तो पार मंदावला तर बॅटरीकडे किंवा टर्मिनलकडे बघावं. तसाच तेजस्वी राहिला तर सेल्फ करंट ओढतच नाही.

इथे मल्टिमीटर लागतो, आणि तो सगळ्यात मोठी फसवणूकही इथेच करतो. बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले की ‘बॅटरी ठीक आहे’ असा निकाल दिला जातो. पण तोटी बंद असताना नळातला दाब पूर्णच दिसतो. पाइप चोंदला आहे हे तोटी उघडल्यावर कळतं. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ सुरू होताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. दीडशे अँपिअरच्या वाटेत ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी तीन व्होल्ट तिथेच जिरतात. हा अडथळा साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर दिसणारही नाही, कारण त्याच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून मोजायचं ते सेल्फ मारत असताना. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चावीवर दुसरा माणूस. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मीटर लावा. सेल्फ चालू असताना आकडा साधारण दहाच्या खाली घसरला तर बॅटरी तरी दमली आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट खातो आहे. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (वरच्या क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. इथे ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या आत असावं.

कोकणात किंवा समुद्राजवळच्या मुंबईत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्यांत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली गंजते. वरून ती धडधाकट दिसते. बोल्ट काढून पॉलिश पेपरने जागा घासली की भल्याभल्या ‘खराब सेल्फ’ गाड्या बऱ्या होतात. नवा सेल्फ घेण्यापूर्वी हे करायलाच हवं, असं मी आग्रहाने म्हणेन.

गरम झाल्यावरच ‘टक’ येत नसेल तर त्यामागे साधं भौतिकशास्त्र असू शकतं. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सोलेनॉइडची कॉइल पन्नास अंशांनी तापली की तिचा रोध वीस टक्क्यांनी चढतो. त्यात चावीच्या जुन्या स्विचमध्ये एखाद-दोन व्होल्ट गळत असतील, तर ओढ पुरत नाही. गाडी निवली की पुरते. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन इथे स्विच दुरुस्त करतो किंवा वेगळा रिले टाकून देतो.

दुसरा आजार, म्हणजे सेल्फ घेते पण पकडत नाही, हा उन्हाळ्यात जास्त दिसतो. गाडी बंद केल्यावर पंखा आणि वारा थांबतो, पण इंजिनातली उष्णता बोनेटखाली पसरतच राहते. त्यामुळे थांबल्यानंतरच्या दहा-वीस मिनिटांत तिथले काही भाग चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतात. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते. एमपीएफआय गाडीत बहुतेकदा शंका घ्यावी ती क्रँक सेन्सरची. त्याच्या आतली केसासारखी तार तापून फाकते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. सिग्नल गेला की कंप्युटरच्या लेखी इंजिन फिरतच नसतं, मग स्पार्कही नाही आणि पेट्रोलही नाही. आरपीएमचा काटा असलेल्या अनेक गाड्यांत सेल्फ मारताना काटा जराही हलत नाही, ही मोलाची खूण. जपून हात पोचत असेल तर सेन्सरवर थंड पाण्यात भिजवलेला फडका ठेवावा. गाडी लगेच सुरू झाली तर गुन्हेगार सापडला.

पेट्रोल पंपाची खात्री कानाने होते. चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. ती आली नाही तर फ्यूज, रिले आणि पंप याच क्रमाने पाहावं. नव्वदच्या दशकातल्या होंडाच्या अनेक मॉडेलांत मेन रिलेतलं सोल्डर तडकत असे आणि उन्हात तापलेली गाडी सुरू होत नसे. जाणकार रिले उघडून नुसतं पुन्हा सोल्डर करत. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरला चावीची ओळख पटलेली नाही. दुसरी चावी लावून बघणं हा तिथला सर्वांत स्वस्त प्रयोग. स्कॅनर लावून घेण्याचा सल्ला मिळेल, पण २०१० पूर्वी आपल्याकडे ओबीडी बंधनकारक नव्हतं. शिवाय बिघडू लागलेला सेन्सर कोड नोंदवीलच असंही नाही.

फक्त रात्रभर उभी राहिल्यावर अडणाऱ्या गाडीची बॅटरी कुणीतरी गुपचूप पीत असतं. कुलूपबंद गाडीने पन्नास मिलिअँपिअरहून जास्त घेऊ नये. तेवढं घेतलं तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला निम्मा साठा दोन आठवड्यांत संपतो. नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम आणि सायरन आधी तपासावेत. पावसाळ्यात बोनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, तेही.

अडलेली गाडी घरी न्यायची म्हणून दोन गोष्टी लोक सर्रास करतात, त्या टाळाव्यात. स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करू नये. गाडी गिअरमध्ये असेल तर समोरच्यावर चालून जाते. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या गाडीला लांबवर धक्का मारत राहू नये. न जळलेलं पेट्रोल तिथे पोचून तो जळतो.

दुरुस्तीनंतर प्रश्न उरतो तो खात्रीचा. गरम असताना अडणारी गाडी अर्धा तास चालवून, पंधरा मिनिटं उन्हात उभी करून मग सुरू करून पाहावी. सकाळच्या गारव्यातली चाचणी इथे निरुपयोगी. दहा वेळांत एकदा अडणारी गाडी काहीही दुरुस्त न करता सलग वीस वेळा सुरू होण्याची शक्यताही बारा टक्के असते. तीस वेळांनंतर ती चार टक्क्यांवर येते. तोवर काढलेला जुना भाग डिकीत ठेवावा आणि मेकॅनिकला ‘झाली’ असं कळवण्याची घाई करू नये.