पाऊस सगळ्यांचा एकच, थेंब ज्याचे त्याचे

२०१३ साली आलेल्या ‘बॅटलफील्ड ४’ या युद्धखेळात ‘पॅरासेल स्टॉर्म’ नावाचा नकाशा आहे. सामना सुरू होताना समुद्र बऱ्यापैकी शांत असतो आणि खेळता खेळता वादळ चढत जातं. स्वीडनच्या डाइस कंपनीने तिथे एक अवघड गोष्ट साधली: लाट सगळ्या खेळाडूंना त्याच जागी, त्याच वेळी दिसते. त्यामुळे एखादी बोट लाटेआड गेली, तर ती सगळ्यांसाठीच लाटेआड असते. आपण छोटासा मल्टिप्लेअर लढाईचा खेळ बनवत असाल आणि त्यात बदलतं हवामान आणायचं असेल, तर हेच उद्दिष्ट समोर ठेवा. इंजिन, म्हणजे खेळ बनवायचं तयार सॉफ्टवेअर, गोडो असो, युनिटी असो की अनरिअल. पायऱ्या त्याच आहेत.

कोड लिहिण्याआधी कागदावर दोन रकाने पाडा. एकात नुसतं दिसणारं लिहा: थेंब, डबक्यातली वर्तुळं, झाडांचं डोलणं. दुसऱ्यात हार-जीत बदलणारं: धुक्यात किती लांबचं दिसतं, चिखलात गाडी किती घसरते, वाऱ्याने गोळी किती सरकते, पावसाच्या आवाजात पावलं ऐकू येतात का. पहिला रकाना प्रत्येकाचा फोन किंवा संगणक आपापला सांभाळेल. दुसरा एकाच ठिकाणी ठरला पाहिजे.

ते ठिकाण म्हणजे सर्व्हर, सगळे खेळाडू ज्याला जोडलेले असतात तो मुख्य संगणक. कबड्डीत पंचाचा निर्णय दोन्ही संघांना लागू होतो, तसा हवामानाबाबत सर्व्हरचा शब्द अखेरचा. खेळाडूच्या यंत्राने ‘माझ्याकडे धुकं नाही’ असं कळवलं, तरी सर्व्हरने ते मानायचं नाही.

आता सर्व्हरने पाठवायचं काय? इथे नवखे हमखास अडखळतात. दर क्षणाला ‘पाऊस आता इतका, आता तितका’ असं पाठवत बसल्याने इंटरनेटवर उगाच भार पडतो आणि एखादा निरोप हरवला की पावसाला धक्के बसतात. त्याऐवजी एकच निरोप पुरतो: पाऊस या पातळीवरून त्या पातळीवर जाईल, सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे अमुक क्षणी सुरुवात, नव्वद सेकंदांत पूर्ण. मधल्या किमती प्रत्येक यंत्र स्वतः काढतं. त्यासाठी सगळ्यांची घड्याळं सर्व्हरशी जुळलेली हवीत. बहुतेक इंजिनांत त्याची सोय असते किंवा जोडता येते.

हा निरोप ‘घटना’ म्हणून पाठवू नका, ‘स्थिती’ म्हणून सर्व्हरवर ठेवा. घटना एकदा घडते आणि संपते. स्थिती नव्याने येणाऱ्यालाही मिळते. ‘पाऊस सुरू झाला’ ही घटना पाचव्या मिनिटाला गेली आणि एखादा खेळाडू सातव्या मिनिटाला आला, तर त्याच्या पडद्यावर लख्ख ऊन असतं. बाकीचे पावसात चाचपडत असताना हा सगळ्यांना आरामात टिपतो.

चित्र काढण्याचं काम त्यामानाने सोपं आहे. पाऊस अख्ख्या नकाशावर पाडायचा नसतो, फक्त कॅमेऱ्याभोवतीच्या चौकोनी जागेत पाडायचा. कॅमेरा हलला की ती जागाही हलते. जमीन ओली दाखवायला तिचा रंग थोडा गडद करा आणि खरबरीतपणा कमी करा. छप्पर असलेल्या खोलीत पाऊस पडणं ही नेहमीची चूक. वरून खाली पाहणारा एक खोलीनकाशा, म्हणजे आकाशातून पाहिल्यास कुठे पहिला अडथळा किती उंचीवर आहे याची नोंद, करून ठेवा आणि त्याखालचे थेंब दाखवू नका.

धुक्यापाशी मात्र थांबायला हवं, कारण लढाईच्या खेळात धुक्याइतकी ताकद दुसऱ्या कशातच नाही. इंजिनातलं साधं धुकं घनतेवर चालतं. घनता मीटरमागे ०.०१ असेल तर १०० मीटरवरच्या शत्रूकडून सुमारे ३७ टक्के प्रकाश आपल्यापर्यंत येतो, २०० मीटरवरून १४ टक्के, ३०० मीटरवरून जेमतेम ५. म्हणजे ३०० मीटरपलीकडचा माणूस जवळपास दिसेनासा होतो.

आता ही घनता एका मिनिटात ०.००१ पासून ०.०२ पर्यंत सरळ वाढवली तर काय होईल? पहिल्या सहा सेकंदांतच दिसण्याचं अंतर ३००० मीटरवरून हजारावर कोसळतं, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात ते जेमतेम २८६ वरून १५० मीटरवर येतं. लांबून नेम धरून बसलेल्या खेळाडूला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून सर्व्हरवर घनता ठेवू नका, दिसण्याचं अंतर मीटरमध्ये ठेवा आणि तेच हळूहळू कमी करा. त्या-त्या क्षणाची घनता म्हणजे ३ भागिले ते अंतर. गणित एवढंच, पण धुकं उतरताना जाणवतं आणि आडोसा गाठायला सवड मिळते.

धुक्यातली दुसरी अडचण ग्राफिक्सच्या सेटिंगची. ‘पबजी’ खेळलेल्यांना गवताचा प्रश्न आठवत असेल: लांबचं गवत पडद्यावर काढलंच जात नाही, त्यामुळे गवतात पालथं पडलेला खेळाडू दुरून उघडा दिसतो. धुक्याचं तसं होऊ देऊ नका. नजर अडवणारं धुकं साध्या सूत्राचं ठेवा, जे स्वस्त फोनवरही चालतं आणि बंद करता येत नाही. प्रकाशझोतात तरंगणारे सुंदर थर हवेत तर वरून द्या, पण ऐच्छिक. संगणकाकडून खेळणाऱ्या बॉट्सनाही हेच अंतर लागू करा, नाहीतर ते धुक्यातून आरपार गोळ्या घालतात.

पुढे चिखल. बहुतेक खेळांत आपलं यंत्र सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूला पुढे नेतं आणि नंतर ताळा करतं. याला प्रेडिक्शन, म्हणजे आधीच बांधलेला अंदाज, म्हणतात. सर्व्हरने रस्ता निसरडा मानला आणि यंत्राने कोरडा, तर ताळा जुळत नाही आणि गाडी पुढे जाऊन झटक्यात मागे खेचली जाते. म्हणून घर्षणाची किंमत पडद्यावरच्या ओलेपणावरून घेऊ नका. दोन्हीकडे ती सर्व्हरच्या घड्याळावरून, त्याच सूत्राने काढा. गोळीवरच्या वाऱ्यालाही हाच नियम.

विजेसाठी एक छान युक्ती आहे. वीज कुठे आणि कधी पडणार हे सर्व्हरने थोडं आधी कळवायचं, समजा अर्धा सेकंद. निरोप कोणाकडे लवकर, कोणाकडे उशिरा पोचेल, पण लखलखाट सगळीकडे ठरल्या क्षणी होईल. गडगडाट मात्र प्रत्येकाने आपल्या अंतराप्रमाणे ऐकायचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला जवळपास तीन सेकंद. त्या गडगडाटात स्वतःच्या गोळीचा आवाज दडवणारे खेळाडू निघतात, आणि हवामान खेळात मुरल्याची ती मला सर्वांत आवडती खूण वाटते. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट करू नका आणि ते मंद करायची सोय द्या. झगमगाटाने काहींना फेफरं येऊ शकतं.

रेअर कंपनीच्या ‘सी ऑफ थीव्ह्ज’मध्ये वादळात शिरलं की सुकाणू आपोआप ओढ घेतं, होकायंत्र गरगरतं आणि पावसाचं पाणी जहाजात साठतं. ते उपसायला कुणीतरी लागतंच. आपल्या वादळानेही नुसतं अडवू नये, संघाला असं काही काम द्यावं.

फोनवर मात्र हात आखडता घ्या. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि एकावर एक आलेले पारदर्शक थेंब त्यातला बराच वेळ खातात. थेंब कमी करा, आवाज आणि ओली जमीन तशीच ठेवा. पावसाचा भास फारसा उणावत नाही.

शेवटी चाचणी. घरच्या वायफायवर सगळंच बरोबर चालतं, त्यामुळे मुद्दाम २०० मिलिसेकंदांचा उशीर आणि शंभरातले पाच निरोप हरवणं अशी परिस्थिती तयार करा. दोन यंत्रं शेजारी ठेवा, एकावर ग्राफिक्स सर्वांत वरचं, दुसऱ्यावर सर्वांत खालचं. पाऊस भरात असताना तिसऱ्याला आत घ्या. मग नकाशात ठरावीक अंतरावर एक खांब उभा करा, धुकं उतरू द्या, आणि तो तिन्ही पडद्यांवर एकाच वेळी दिसेनासा होतो का ते पाहा.