तांबट आळीतला ठोका

कसबा पेठेत तांबट आळीचा पत्ता फारसा विचारावा लागत नाही. आवाजाच्या दिशेने चालत राहिलं की आळी येते. आधी एका दुकानातला ठोका ऐकू येतो, मग त्याच्या शेजारचा, मग समोरचा. प्रत्येकाची लय वेगळी, कारण प्रत्येकाच्या मांडीशी असलेलं भांडं वेगळं. परात पसरट वाजते, हंडा पोकळ वाजतो. उन्हाळ्यात वडा-पिंपळावर बसून दिवसभर एकसुरी टुक टुक करणाऱ्या इवल्याशा हिरव्या पक्ष्याला मराठीत ‘तांबट’ म्हणतात, ते याच ठोक्यावरून. इंग्रजांनीही त्याला तांबटाचंच नाव दिलं.

दुकानाच्या तोंडाशी बसलेला कारागीर घंगाळ मठारतो आहे. लोखंडी आधारावर त्याने ते पालथं घातलंय. डाव्या हाताने ते किंचित, अगदी किंचित फिरवत राहायचं आणि उजव्या हाताने हातोडी मारायची. पहिल्या ठोक्याशेजारी दुसरा, दुसऱ्याशेजारी तिसरा. दोन ठोक्यांत फट राहता कामा नये आणि एक ठोका दुसऱ्यावर चढताही कामा नये. तांब्यावर आखलेली रेघ नाही, खूण नाही, तरी ओळीखाली ओळ भरत जाते आणि मघापर्यंत मंद दिसणारं तांबं शेकडो छोट्या आरशांसारखं चमकू लागतं. यालाच मठारकाम म्हणतात. नजर भांड्यावर असली तरी कारागीर काम करतो ते कानाने. ठोका नीट बसला नाही तर आवाज बदलतो आणि हात लगेच थांबतो.

हे घर-दुकान एकत्र असणारे लोक म्हणजे त्वष्टा कासार समाज. त्वष्टा हा वेदांतला देवांचा कारागीर. इंद्राचं वज्र त्यानेच घडवलं अशी कथा आहे. समाजाची देवी कालिका, महाकाली. पूर्वज कोकणातून घाट चढून पुण्यात आले आणि पेशव्यांच्या काळात त्यांच्या कामाला बरकत आली, असं समाजात सांगितलं जातं. १७३२ साली शनिवारवाडा उभा राहिला, त्याच्या आसपास पेठा वाढल्या, सरदारांचे वाडे आले. वाडा आला की मुदपाकखाना आला, मुदपाकखाना आला की हंडे, पराती, तपेली, पाणी तापवायचे बंब आणि देवघरातली ताम्हनं, पळी-पंचपात्रं आलीच. ही सगळी भांडी कोणीतरी घडवायला हवी होती. कासार आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, तांबट आळी ही पुण्यातली नावं वाचली तरी त्या काळच्या शहराच्या गरजांची यादी हाती येते.

ठोकल्यावर तांबं पातळ होतं, हे सहज कळतं. पण ते कडकही होतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. घाव बसत गेले की धातूचे कण आतल्या आत अडकत जातात आणि पत्रा ताठ होतो. आणखी ठोकलं तर तो तडकतो. म्हणून मध्ये थांबून भांडं भट्टीत लाल करायचं, नरम झालं की पुन्हा ठोकायला घ्यायचं. ठोकणं आणि तापवणं यांची ही पाळी कितीतरी वेळा चालते. शेवटचं मठारणं मात्र कडक करण्यासाठीच असतं. त्या चमकदार ठिपक्यांमुळे पातळ पत्र्याचं भांडंही पाण्याचं वजन पेलतं आणि सहजासहजी पोचत नाही. आपल्याला शोभा वाटते ती मुळात मजबुतीची सोय आहे.

आणि मजबुती हवीच होती, कारण भांडं एका माणसापुरतं नव्हतं. बंब घ्या. मधोमध उभी नळी, तिच्यात निखारे, खाली राखेची जाळी, भोवती पाणी, बुडाशी पितळी तोटी. लाकडं, कोळसे, नारळाच्या शेंड्या, जे असेल ते पेटवायचं. दिवाळीच्या पहाटे एका बंबावर अख्ख्या वाड्याचं अभ्यंगस्नान उरकायचं. आजोबांच्या वेळचा बंब नातवाच्या मुंजीतही पाणी तापवत असे. त्याला गळती लागली तर तांबटाकडे नेऊन झाळून आणायचा. टाकून देण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे.

भांड्याशी असं नातं जोडणारे आपण एकटेच नाही. कॅमेरूनच्या उत्तर भागात मांदारा नावाच्या डोंगरांत माफा लोक राहतात. उतारावर दगडी पायऱ्यांची शेतं, त्यांत ज्वारी-बाजरीसारखी धान्यं, गोल घरं. त्यांच्यातही धातूचं काम करणाऱ्यांचा वेगळा गट आहे. हे लोहार आपसातच लग्नं करतात, मृतांचे अंत्यविधी तेच करतात आणि त्यांच्या बायका मातीची भांडी घडवतात. निकोलस डेव्हिड या पुरातत्त्व अभ्यासकाने १९८६ साली तिथल्या डोक्वाझा नावाच्या वृद्ध लोहाराकडून लोखंड गाळण्याची जुनी रीत पुन्हा करवून घेतली आणि तिच्यावर माहितीपट केला. तोवर ती रीत तिथे बंद पडली होती. डेव्हिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माफांच्या भांड्यांवर १९८८ साली एक लेखही लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की या लोकांच्या लेखी भांडं म्हणजे माणूसच. मडक्यावरची नक्षी माणसाच्या अंगावरच्या सजावटीशी नातं सांगते आणि पूर्वजांसाठी घरात खास मडकी ठेवलेली असतात.

हे वाचताना मराठी वाचकाला फार लांब गेल्यासारखं वाटत नाही. आपल्या घागरीला तोंड असतं, गळा असतो, पोट असतं, बूड असतं. कढईला कान असतात. तांब्यावर आंब्याची पानं आणि नारळ ठेवला की तो कलश होतो, त्याला हळदकुंकू वाहतात. नवरात्रात घट बसवतात, म्हणजे देवीच बसवतात. माणूस गेला की खांद्यावरच्या मडक्याला भोकं पाडतात, पाणी वाहू देतात आणि शेवटी ते मडकं फोडतात. पुणं आणि मांदारा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कोणी कोणाकडून काही शिकलेलं नाही. पण रोज हाताळलेली, पाणी आणि अन्न पोटात धरणारी वस्तू माणसासारखी वाटू लागते, हे दोन्हीकडे सारखंच घडलं आहे.

आपल्याकडे तर भांड्याला नावही असतं. लग्नात मुलीला द्यायच्या हंड्या-कळशीवर छिन्नीने ठिपके ठिपके पाडून नाव घालून घेत: माहेरचं नाव, सासरचं नाव, तारीख. जुन्या घरातल्या माळ्यावरची भांडी उतरवली तर त्या घरात आलेल्या सुनांची यादी वाचता येते. कागदपत्रांत ज्यांचं नाव क्वचितच येतं त्या बायका हंड्याच्या गळ्यावर मात्र तारखेसह नोंदलेल्या असतात. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातली भांडी बघताना हेच जाणवतं. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने ती जमवली. राजेरजवाड्यांच्या शस्त्रांहून ही भांडी आपल्याला जास्त जवळची वाटतात.

मग स्टील आलं. चिंच-मिठाने घासावं लागत नाही, कल्हई लागत नाही, उचलायला हलकं. ज्या बाईला रोज पहाटे तांब्या-पितळेचा ढीग घासावा लागत होता तिने स्टीलला आपलंसं केलं, यात तिची काही चूक नव्हती. हंडे-घागरी मोडीत गेल्या, वजनावर विकल्या गेल्या, त्यांच्यावरच्या नावांसकट वितळल्या. पाठोपाठ गॅस गीझर आला आणि बंबाची सद्दी संपली. शब्द मात्र टिकला. स्टीलच्या, अगदी प्लास्टिकच्या तांब्यालाही आपण अजून तांब्याच म्हणतो.

या धंद्याची किंमत कारागिराच्या शरीराने मोजली आहे, हे सांगितल्याशिवाय तांबट आळीबद्दल लिहिणं पुरं होत नाही. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या १७१३च्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन आहे. तेही एकाच वस्तीत राहत, दिवसभर ठोकत आणि म्हातारपणी बहिरे होत. तीनशेहून अधिक वर्षं झाली तरी हातोडीचा आवाज कमी झालेला नाही. कानाने काम करणाऱ्या माणसाचा कानच आधी जावा, यासारखं दुःख नाही. हस्तकलेचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने कारागिराच्या कानांतल्या बोळ्यांची चौकशी करायला हवी.

आज आळीतली बरीच भांडी यंत्रावर आकार घेतात आणि मठारणं तेवढं हाताने होतं. त्यात कमीपणा नाही. त्यामुळे खांद्यावरचा भार हलका होतो. पुण्यातल्या ‘इन्टॅक’सारख्या वारसा जपणाऱ्या संस्थेने इथल्या कारागिरांना नव्या घाटाच्या वस्तूंकडे वळवण्याचा प्रयत्न केला. आता मठारलेले दिव्यांचे घुमट, थाळे, पाण्याचे जार घडतात. तांब्याच्या पाण्याची आवडही पुन्हा आली आहे. तांब्याच्या पृष्ठभागावर जिवाणू तग धरत नाहीत, हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही २००८ साली मान्य केलं. पण ताक, लिंबू, चिंच, आमटी अशा आंबट गोष्टी कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवू नयेत, त्या कळकतात आणि बाधतात. आजी हे सांगायची ते बरोबरच होतं. कल्हई म्हणजे कथलाचा मुलामा. कथील साधारण २३२ अंशांना वितळतं आणि तांबं १०८५ अंशांना, म्हणूनच तापलेल्या तांब्यावर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील झरझर फिरवता येतं. क्षणात लालसर भांडं आतून चांदीसारखं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारागिरांकडे हत्यारं पुजली जातात. हातोड्या पुसून पाटावर मांडायच्या, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहायची. पूजलेली हातोडी त्या दिवशी वापरायची नाही. मग माळ्यावरून काढलेलं, गळ्याशी कोणा पणजीचं नाव असलेलं गळकं घंगाळ घेऊन कोणी आलं, तर त्याला उंबऱ्याशी ठेवून जायला सांगतात. नाव घातलेला भाग तेवढा ठोकू नका, असं गिऱ्हाईक बजावतं. तांबट मान हलवतो आणि अंगठ्याने ते ठिपके चाचपून बघतो.